वाकड्या पात्याचा चाकू शेतात किती कामाचा?

वाचकांचे प्रश्न : अवजारे आणि त्यांची निगा

प्रश्न : आमची वरुड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. माझ्या पुतण्याने ऑनलाइन एक न मिटणारा, म्हणजे पाते मुठीत कायमचे बसवलेला चाकू मागवला आहे. पाते 6 इंच लांब असून पाठीकडे 5 मिलिमीटर जाड आहे. धार मुठीजवळ आत वळलेली आहे, पुढे पोट सुटावे तशी बाहेर आली आहे आणि टोक वर उचललेले आहे. पाठीवर करवतीसारखे दात आहेत, मुठीच्या शेवटी बोट अडकवण्यासाठी कडी आहे आणि काळ्या लेपावर '440 स्टेनलेस' एवढेच लिहिले आहे. पुतण्याच्या मते सल म्हणजे वाळलेल्या काड्या काढणे, पाणसोट म्हणजे रसाळ फुटवे छाटणे, बांबूच्या कामट्या काढणे, ठिबकच्या नळ्या कापणे आणि वेळ पडल्यास भाजी चिरणे ही सगळी कामे या एकाच चाकूने होतील. घरातील वडील मंडळी त्याला खेळणे म्हणतात. अशा चाकूची पारख कशी करावी?
– एक संत्रा उत्पादक, जि. अमरावती

उत्तर : आकार अनोळखी आहे म्हणून चाकू निकामी ठरत नाही. आपल्या घरातील पावशी पाहा. जमिनीवर पाट, त्यावर पायाने दाबून बसायचे आणि उभ्या धारेवर दोन्ही हातांनी भाजी ढकलायची, ही रचना पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्रच वाटेल, पण दोन्ही हात मोकळे राहावेत यासाठी ती तशी झाली आहे. विळा वाकडा असतो, कारण मुठीत धरलेली तुरीची धांडे ओढताना त्याने धारेवरून निसटू द्यायची नसतात. तेव्हा आपल्या चाकूच्या प्रत्येक वळणाला एकच प्रश्न विचारावा : हे वळण कोणत्या कामासाठी दिले आहे, आणि ते काम आपल्याकडे आहे का?

याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. मुलांच्या दप्तरातील जाड मार्कर पेनाने धारेला लागून दोन्ही बाजूंनी पूर्ण लांबीची रेघ ओढावी, मग एकच काम थोडा वेळ करावे आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहावे. पुन्हा रेघ ओढून दुसरे काम करावे. धारेचा कोणता भाग राबतो आणि कोणता नुसता मिरवतो हे त्यातून उघड दिसते. पाणसोट काढताना आपल्याला शाई मुठीजवळच्या आतल्या वळणातच पुसलेली आढळेल. बोटाएवढा हिरवा, रसाळ फुटवा त्या खोबणीत अडकतो, चाकू ओढला की तो निसटून टोकाकडे पळत नाही आणि काप एका ओढीत होतो. या एका कामात आपला चाकू सरळ पात्यापेक्षा खरोखर सरस आहे, हे वडील मंडळींनीही मान्य करायला हरकत नाही. मात्र ओढ नेहमी अंगापासून दूर जाणारी असावी आणि फांदी धरणारा हात कापाच्या वर असावा.

सल काढण्याचे काम वेगळे आहे. संत्र्याची वाळलेली काडी कठीण असते आणि ती जिवंत लाकडापर्यंत स्वच्छ कापावी लागते. अंगठ्याएवढी सल या चाकूने तोडायची तर घाव घालावे लागतील. घावाने खुंट चिरफाळतो, खालची साल सोलली जाते आणि अशा फाटक्या जखमेवर बोर्डो मलम नीट बसत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणातले मलम कितीही चांगले झाले असले, तरी चिरांच्या आत ते पोहोचत नाही. हे काम कात्रीचे आणि घडीच्या लहान आरीचे आहे.

पाठीवर आरी आहेच की, असे पुतण्या म्हणेल, म्हणून त्या दातांविषयी जरा सविस्तर लिहितो. सुताराची करवत हातात घेऊन दातांच्या ओळीकडे टोकाकडून पाहा. एक दात किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे वाकवलेला दिसेल. त्यामुळे लाकडात पडणारी खाच पात्यापेक्षा थोडी रुंद होते, पाते त्यात मोकळे फिरते आणि भुसा बाहेर पडतो. आपल्या चाकूचे दात पाठीच्या जाड पट्टीतच कोरलेले असणार आणि सगळे एका रेषेत असणार. त्यांना लाकडात शिरायचे तर जवळजवळ पाठीइतकी रुंद खाच पाडावी लागेल, आणि ती पडलीच तरी पाते तिथे घट्ट रुतून बसेल. सुक्या फांदीवर दहा-बारा वेळा फिरवून पाहावे. दातांच्या घरात भुसा भरून ते गुळगुळीत झाले आणि खाच दातांच्या उंचीपुढे गेली नाही, तर ती आरी शोभेची समजावी. तिचा तोटाही आहे. पाठीवर अंगठा ठेवून बारीक काम करता येत नाही आणि लाकडी मोगरीने पाठीवर ठोकायला गेले तर दात मोगरी कुरतडतात.

बांबूच्या कामट्या काढताना नेमके हेच आडवे येते. फोडताना पाठ जाड असणे चांगले, कारण ती पाचरीसारखी काम करते. परंतु कामटीची जाडी सारखी ठेवायची तर धार सरळ हवी, म्हणजे दाब कुठे जास्त पडतो ते हाताला कळते. पुढे आलेल्या पोटावरून बांबू आतल्या वळणाकडे घसरतो आणि चिरेची दिशा बदलते. शिवाय बांबूच्या बाहेरच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे कोणत्याही पोलादाची धार तिथे लवकर मरते. बुरुडाला सरळ धारेचे आणि दणकट पाठीचे हत्यार का लागते, ते त्याच्याजवळ तासभर बसल्यास समजेल.

भाजीचे उत्तर लगेच देता येते. 5 मिलिमीटर जाडीचे पाते गाजर चिरत नाही, ते फोडते. पावशी असताना हा प्रयोग करू नये. ठिबकच्या नळ्या, सुतळी आणि खताची पोती यांसाठी चाकू चालेल, पण ही कामे कोणताही धार असलेला चाकू करतो, तेव्हा त्यांचे श्रेय आकाराला देता येणार नाही.

मुठीच्या कडीची कल्पना करंबित या सुमात्रा बेटाकडील वाकड्या चाकूवरून आलेली दिसते. तिथे ती हातातून चाकू सुटू नये म्हणून असते. शेतात चाकू अडकला तर तो सोडून देता आला पाहिजे, आणि कडीत बोट असेल तर चाकूबरोबर बोटही पिरगळते. घाव घालताना बोट कडीत मुळीच ठेवू नये. मुठीची पारख घामेजलेल्या हाताने करावी : नेहमीची पकड, पाठीवर अंगठा, धार स्वतःकडे ठेवून सोलण्याची पकड, या प्रत्येक पकडीत थोडा वेळ काम करून तळहाताला कुठे टोचते ते पाहावे. पात्याचे शेपूट मुठीच्या शेवटापर्यंत गेले आहे का, हेही तपासावे. मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी सलग दिसत असेल तर प्रश्न नाही. दिसत नसेल, तर आत बारीक सळई असण्याचा संभव असतो आणि असा चाकू घावाच्या कामाला वापरू नये.

आता धारेकडे वळतो, कारण माझ्या मते अशा चाकूचा निकाल शेवटी तिथेच लागतो. '440' या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही. या नावाखाली ए, बी आणि सी असे तीन प्रकार येतात. क्रोमियम तिन्हींत 16 ते 18 टक्के असते, पण कार्बन 'ए' मध्ये 0.60 ते 0.75 टक्के आणि 'सी' मध्ये 0.95 ते 1.20 टक्के असतो. धार किती टिकणार हे बऱ्याच अंशी या फरकावर आणि पोलादाला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून आणि विझवून किती कडक केले आहे, यावर अवलंबून असते. घरच्या घरी एवढे करता येईल की मुठीजवळच्या, न दिसणाऱ्या भागावर बारीक कानस हलकेच फिरवावी. ती घसरली तर पाते कडक आहे, सहज खाऊ लागली तर नरम आहे.

नरम पात्याला वरचेवर धार लावावी लागेल, आणि आतल्या वळणाची अडचण इथे सुरू होते. सपाट दगडाचा पृष्ठभाग त्या वळणाला टेकतच नाही, केवळ दगडाची कड टेकते. तसेच घासत राहिल्यास काही हंगामांत वळण बुजते, मुठीजवळ खड्डा पडतो, आणि पाणसोट धरून ठेवणारी जी खोबण या चाकूचा एकमेव खरा गुण होती, तीच नाहीशी होते. उपाय अवघड नाही. अंगठ्याहून जाड अशा गोल, गुळगुळीत लाकडी दांडक्यावर पॉलिश पेपर ताणून गुंडाळावा, आधी 400 आणि मग 800 नंबरचा, आणि वळणाच्या आतून तो पाठीकडून धारेच्या दिशेने ओढावा. फिरत्या धारवाल्याकडे दिल्यास चाकाच्या कडेने वळणात खाचा पडणार नाहीत याकडे लक्ष द्यावे, तसेच पाते वारंवार पाण्यात बुडवायला सांगावे. धारेवर निळसर झाक आली की तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे.

पुतण्याने चाकू परत करू नये, बागेत पाणसोटांसाठी वापरावा. एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून पाते सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने पुसत असाल, तर नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे, कारण त्या द्रावणाने स्टेनलेसलाही डाग पडतात, आणि दातांच्या फटीत ते साचून राहते.

प्रश्न : माझ्याकडेही अशाच आकाराचा, थोडा मोठा चाकू आहे. ताडोब्याच्या बाजूला मोहफुले वेचण्याच्या दिवसांत तो कमरेला लावून जंगलात नेला तर चालेल का?
– एक वाचक, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर

उत्तर : मोहफुले झाडाखालून हाताने वेचायची असतात, त्यात चाकूला काम नाही. कायद्याच्या बाजूने पाहिले तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील 'हत्यार' या संज्ञेत चाकूही मोडतो, आणि त्याच कायद्याच्या कलम 31 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जाता येत नाही. चाकू मी फक्त बाळगला होता, वापरला नाही, हे सांगून तिथे सुटका होत नाही.

अभयारण्याबाहेरही शस्त्र अधिनियम, 1959 लागू होतो. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तू त्यातील 'शस्त्र' या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे, आणि तिथेही घरगुती व शेतीच्या वापरासाठी घडवलेली पाती वगळली आहेत. आपले पाते मोजून पाहावे. पोट सुटलेल्या आकारात लांबी कमी असली तरी रुंदी 2 इंचांच्या पुढे सहज जाते. विळा पाहून कोणी अडवत नाही, परंतु काळ्या लेपाचा, दातांचा आणि कडीचा चाकू शेतीसाठीच घडवला आहे हे पटवून देण्याची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली हत्यारे बाळगण्यास मनाई करणारे आदेश निघतात. त्या दिवसांत तो घरीच ठेवावा, आणि एरवीही कमरेला न लावता म्यानासह पिशवीत न्यावा.

प्रश्न : आमच्या गावचा लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून असाच आकार घडवून देतो म्हणतो. करून घ्यावा का?
– एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : जरूर घ्यावा, मात्र दात आणि कडी वगळून. पाट्याचे पोलाद चिवट असते आणि शेतीच्या हत्याराला चांगले. जुन्या पाट्यात थकव्याने पडलेल्या बारीक भेगा असू शकतात, म्हणून भोकाजवळचा तुकडा घेऊ नये. जाडी ठोकून 3 मिलिमीटरपर्यंत आणायला सांगावी. आतले वळण इतके रुंद असावे की आपल्याकडचा धार लावायचा गोल दगड त्यात पूर्ण टेकेल. तो दगड लोहाराकडे सोबतच घेऊन जावा. तापलेल्या पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते ते साधारण 770 अंश सेल्सिअसला. त्याहून थोडे अधिक तापवून पाते तेलात विझवावे, कारण पाण्यात हे पोलाद तडकू शकते. नंतर घासून उजळ केलेल्या पात्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग येईपर्यंत ते पुन्हा मंद तापवावे. घाव घालण्यासाठी हवे असेल तर रंग तपकिरीपर्यंत जाऊ द्यावा. आणि पोलाद भट्टीत घालण्याआधी तोच आकार फळीतून कापून हातात धरून पाहावा, म्हणजे वळण कुठे हवे ते लोहाराला खडूने आखून देता येईल.