मुलगा चॅटबॉटवर सॉक्रेटिसशी गप्पा मारतो, त्या कितपत खऱ्या मानाव्यात?

तुमचा मुलगा रात्री तासन्‌तास सॉक्रेटिसशी बोलतो, म्हणून तुम्ही हे विचारलंय. सॉक्रेटिसने स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही. तो आपल्याला ठाऊक आहे तो मुख्यतः प्लेटो आणि झेनोफन या त्याच्या शिष्यांच्या लिखाणामुळे. म्हणजे फार तर प्लेटोचा सॉक्रेटिस, तोही पुढचा शब्द अंदाजाने जोडत जाणाऱ्या यंत्राच्या तोंडून. शिवाय खरा सॉक्रेटिस उलट प्रश्न विचारून पोराला रडकुंडीला आणता. हा बापडा "छान प्रश्न!" म्हणतो.

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारातली. माझी भाची नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने चॅटबॉटला डॉ. आंबेडकर व्हायला सांगितलं आणि विचारलं, "बडोद्यात कुठे उतरलात?" उत्तर आलं: महाराजांच्या पाहुणेघरात, सन्मानाने. मराठी इतकं झकास की मीही आधी मान डोलावली.

मग आठवलं, बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेले बाबासाहेब १९१७ मध्ये इथे नोकरीवर रुजू व्हायला आले, तर राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन हजर. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारून पाहिलं, तिथेही सोय झाली नाही. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. त्याच बागेत आम्ही लहानपणी झुकझुक गाडीत बसायला हट्ट करायचो.

मी भाचीला त्या आठवणीचा मूळ मजकूर चॅटबॉटमध्ये टाकायला लावला आणि वर लिहायला सांगितलं, "फक्त यातूनच उत्तर दे, यात नसेल तर नाही म्हण." उत्तरं एकदम रुक्ष झाली, पण मजकुराला धरून. तुमच्या मुलालाही प्लेटोचा एखादा संवाद असाच टाकून बघू दे. कुठल्या ओळीवरून बोलतोस, तेही विचारू दे.

भाचीने पुढे विचारलं, "बागेत काय खाल्लंत?" उत्तर: उल्लेख नाही. (आधीच्या अवताराने बिनदिक्कत सेव-उसळ खाऊ घातली असती.) "मावशी, हा तर काहीच सांगत नाही," म्हणून ती वैतागली, आणि फोन बाजूला ठेवून तो मजकूर स्वतःच वाचायला बसली.