कांद्याची निर्यातबंदी ग्राहकाच्या भल्याची होती, मग शेतकरी का ओरडतो?

तुम्ही विचारलंय, “२०२३ च्या दिवाळीच्या सुमारास पुण्यात कांदा साठ-सत्तर रुपयांवर गेला. सरकारने निर्यात बंद केली, भाव उतरले. मग चुकलं काय? आणि शेतकरी दरवेळी का ओरडतात?”

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. घर निफाड तालुक्यातलं, थोरला भाऊ शेती बघतो. मी नाशकात नोकरी करतो. दिवाळीपर्यंत कांदा घरून येतो, पुढे मीही तुमच्यासारखाच हातगाडीवर घासाघीस करतो.

टंचाई खोटी नव्हती, हे मान्यच करायला हवं. देशात २०२२-२३ मध्ये सुमारे ३०२ लाख टन कांदा पिकला, पुढच्या वर्षी २४२ लाख टनांवर आला. अशा वर्षी कुठलंही सरकार हातावर हात ठेवून बसणार नाही. १९९८ मध्ये दिल्लीतलं सरकार कांद्याने घालवलं, हे तिथे कुणी विसरलेलं नाही.

माझा राग आहे तो हे करायच्या पद्धतीवर. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबर संपता संपता ‘टनाला ८०० डॉलरच्या खाली बाहेर विकायचा नाही’ असं ठरलं. ७ डिसेंबरला सरळ बंदीची अधिसूचना. ती ३१ मार्चपर्यंत म्हणून होती, पुढे लांबली, आणि ऐन लोकसभेच्या धामधुमीत ४ मे २०२४ ला उठली, तीही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. विधानसभेच्या तोंडावर, सप्टेंबरात, डॉलरची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलला. कांदा लावणीपासून काढणीपर्यंत चार महिने शेतात असतो. लावताना जो नियम होता तो काढताना असेलच, याची खात्री कुणी द्यायची?

८ डिसेंबरची सकाळ सांगतो. भाऊ पहाटेच ट्रॅक्टर घेऊन बाजार आवारात रांगेला लागला होता. आदल्या दिवशी चांगल्या मालाला क्विंटलला छत्तीसशे निघाले होते. रात्रीतून बातमी फिरली आणि सकाळी लिलावच बंद पडले. कुणी रस्ता अडवायला गेलं, कुणी ट्रॉलीवर ताडपत्री ओढून तिथेच झोपलं. दोन दिवसांनी पुकारा सुरू झाला तेव्हा व्यापारी ट्रॉलीपाशी आला, मूठभर कांदा उचलून पुन्हा टाकला आणि बोली केली सतराशे. भाऊ म्हणाला, “परत नेतो.” मग स्वतःच गप्प झाला. हा लाल कांदा. उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने राहतो, लालाला तेवढं आयुष्य नसतं. पंधरा-वीस दिवसांत मोड येतात नाहीतर पाणी सुटतं. परत नेऊन करणार काय? दिला.

उन्हाळी टिकतो तेही फुकट नाही. चाळीत भरलेल्यातला पाव हिस्सा तरी सड आणि घट यात जातो, पाऊसमान वाईट असेल तर त्याहून जास्त. तरी शेतकरी साठवतो, कारण पुढे चार पैसे मिळतील ही आशा. शहरात त्याला ‘साठेबाजी’ म्हणतात. खरं तर एप्रिलचा कांदा ऑगस्टात तुमच्या ताटात पोचतो तो त्याने ही जोखीम घेतली म्हणूनच. आणि भाव वर यायला लागला, की नेमकं तेव्हाच शुल्क लागतं.

भाव पडतो तेव्हा? त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, हमाली, तोलाई, भाडं वजा जाता दोन रुपयांचा धनादेश हातात पडला होता. पेपरात फोटो आले, सगळे हळहळले. राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. पण सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद हवी होती, आणि निम्म्या गावाला तलाठ्याच्या दारात उभं राहावं लागलं. चढा भाव पाडायला एक रात्र पुरते, पडलेला सावरायला वर्ष जातं. शेतकरी ओरडतो ते यावरून.

आता थोडं तुमच्या घराचं. महागाई मोजायच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत कांद्याला शंभर रुपयांत जेमतेम ६४ पैशांची जागा होती, सगळ्या भाज्या मिळून सहा रुपये. पण भाजी उसळली की सगळा निर्देशांक उसळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या आणि एकूण महागाई ६.२१ टक्के झाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ६ टक्क्यांच्या वरच्या मर्यादेच्या बाहेर. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर, ६.५ टक्क्यांवरून खाली आला तो थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये. तुमचं गृहकर्ज असेल तर हप्ता तितके महिने अडकला होता, त्यात भाजीचाही हात होता.

यावर अर्थशास्त्रज्ञांत जुंपलेली आहे. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीत सुचवलं गेलं, की महागाईचं लक्ष्य ठरवताना अन्नधान्य, भाजीपाला बाजूला ठेवावा. कारण व्याजदराने काही कांदा पिकत नाही. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांचा याला विरोध होता: लोक महागाई जोखतात ती ताटावरूनच, ती वगळली तर बँकेवर कोण विश्वास ठेवील? मला राजन यांचं पटतं. पण मग बँकेला जे जमत नाही ते सरकार निर्यातबंदीने करतं, आणि त्याचं बिल निफाड-येवल्याच्या चाळीवर फाडलं जातं, हेही कुणीतरी बोललं पाहिजे.

परदेशी गिऱ्हाइकाचं वेगळंच. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत म्हणाल्या होत्या, की मी स्वयंपाक्याला सांगितलंय, कांदा घालू नकोस. विनोद होता, पण बांगलादेश आपलं मोठं गिऱ्हाईक आणि असा अनुभव त्यांना वारंवार आला. अशा वेळी ते दुसरीकडून आणतात, घरी पिकवायला लागतात. शुल्क शून्यावर आलं तरी २०२५ च्या पावसाळ्यात आमच्याकडे भाव क्विंटलला हजार-बाराशेवर घुटमळत होता.

बंदी कधीच नको, असं मी म्हणणार नाही. नियम आधी सांगा: भाव इतक्यावर गेला तर इतकं शुल्क, आणि उतरला की आपोआप रद्द. सरकारी राखीव साठ्याची खरेदी भाव पडलेला असताना, उघड लिलावात उतरून करा. गरिबाला कांदा महाग पडत असेल तर त्याच्या खात्यात पैसे टाका, तो खर्च सगळ्यांच्या कराच्या पैशातून होऊ दे, एकट्या कांदेवाल्याच्या खिशातून नको.

थोरल्या भावाने मागच्या रब्बीत दोन एकर कांदा कमी केला आणि मका पेरला. मक्यात फार उरतं असं नाही. पण मक्याने कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणून त्याच्यासाठी दिल्लीत कुणी रात्र जागवत नाही, असं त्याचं म्हणणं.