वाचकांचे प्रश्न : चारही सिलिंडर सारखेच कमी

प्रश्न : चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मी स्वतः खोलून पुन्हा बांधलं. रिंगा नव्या, व्हॉल्व घासून बसवले, टायमिंग बेल्टही नवा. ५०० किलोमीटर चालवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) तपासलं. मुलगी सेल्फ मारत होती, मी गेज धरला होता. मॅन्युअलमध्ये १७५ पीएसआय दिलंय, मला चारही सिलिंडरना १४५ ते १४८ मिळतं. खालच्या स्पीडला गाडी ओढत नाही, वर मात्र बरी पळते. रिंगा परत काढू का?

उत्तर : रिंगांना हात लावू नका. तुमच्या पत्रातला सगळ्यात बोलका आकडा १४५ नाही, तो आहे चार सिलिंडरमधला ३ पीएसआयचा फरक. रिंग नीट बसली नाही किंवा व्हॉल्व गळत असला, तर एखादा सिलिंडर वेगळा पडतो. चौघं एकाच मापाने खाली आले, तर कारण चौघांना सामाईक असतं.

आधी टेस्टच पुन्हा घ्या. मुलगी सेल्फ मारत होती, पण तिचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता का? थ्रॉटल (हवेची झडप) बंद असेल तर इंजिनाला पुरेशी हवाच मिळत नाही आणि काटा चांगल्या इंजिनातही खाली राहतो. इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर हवेत, बॅटरी भरलेली हवी, पेट्रोल आणि इग्निशन तोडलेलं हवं. प्रत्येक सिलिंडरला पिस्टनचे सारखेच, पाच-सहा दाब मिळेपर्यंत सेल्फ मारा. गेजच्या नळीच्या टोकाला बारीक व्हॉल्व असतो. तो हरवला म्हणून कुणी टायरचा व्हॉल्व बसवला असेल, तर त्याची स्प्रिंग कडक असते आणि आकडा कमी येतो. उंचावर राहत असाल तर हवाच विरळ असते. १००० मीटरवर वातावरणाचा दाब साधारण ११ टक्के कमी भरतो, तेवढी सूट मॅन्युअलच्या आकड्याला द्या.

एवढं करूनही १४५ च आलं, तर माझा संशय कॅमच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) टायमिंगवर आहे. तुमचं ‘खाली ओढत नाही, वर पळते’ हे वाक्यही तिकडेच बोट दाखवतं.

इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व बंद झाल्यावर सिलिंडरमध्ये जेवढी हवा उरली, तिचाच दाब गेजवर दिसतो. पिस्टन तळाला पोचला की हा व्हॉल्व लगेच मिटत नाही. क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) आणखी ४०-५० अंश फिरेपर्यंत तो उघडा असतो. इंजिन जोरात फिरताना आत शिरणाऱ्या हवेला वेग असतो, त्यामुळे ती या वेळातही आत येत राहते. सेल्फवर मात्र मिनिटाला जेमतेम २००-२५० फेरे होतात. तिथे हवेत तो जोर नसतो, आणि वर येणारा पिस्टन तिला आल्या वाटेने परत ढकलतो.

कॅमच्या पुलीला ४० दात असतील, तर बेल्ट एक दात चुकून कॅम मागे पडणं म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८. म्हणजे ४२ अंशांवर मिटणारा व्हॉल्व ६० वर मिटणार. तोवर पिस्टनने वरच्या प्रवासातला दहाच्या जागी जवळजवळ वीस टक्के भाग उरकलेला असतो. ९:१ कॉम्प्रेशन रेशो धरून हिशेब केला, तर १७५ चा काटा १५० च्या आसपास उतरतो. तुमचा आकडा त्याला अगदी लागून आहे.

शिकाऊ होतो तेव्हा असाच आकडा पाहून मी अख्खं इंजिन खाली उतरवलं होतं. रिंगांचे गॅप मोजले, बोअर मोजला, सगळं मापात. दोन दिवसांनी दोष सापडला तो पुलीत. क्रँकच्या बाहेरच्या पुलीत रबराचा थर असतो. तो सुटून बाहेरची कडी सरकली होती आणि मी तिच्यावरच्या खोट्या खुणेला बेल्ट जुळवला होता. तेव्हापासून पुलीवर माझा विश्वास नाही. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची लांब नळी सोडा, क्रँक हाताने फिरवा आणि नळी वर येऊन थांबते ती जागा शोधा, तीच पिस्टनची सगळ्यात वरची जागा. मग कॅमची खूण बघा.

बेल्ट पुन्हा घालताना टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली) नसलेली बाजू आधी तंग ओढा, ढील सगळी टेन्शनरकडे जाऊ द्या. टेन्शनर नसलेल्या बाजूला ढील राहिली, तर क्रँक आधी ती खातो आणि कॅम एक दात मागे पडतो. टेन्शनर कसल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा पाहा. स्पॅनरला कुठे अडल्यासारखं लागलं तर तिथेच थांबा, जोर करू नका.

प्रश्न : स्पोर्टी कॅम बसवल्यावर कॉम्प्रेशन २० पीएसआयने घटलं, पण गाडी आधीपेक्षा जोरात पळते. हे कसं?

उत्तर : तो कॅम इनटेक उशिरा मिटवतो, म्हणून सेल्फवर आकडा घटतो आणि वरच्या आरपीएमला हवा जास्त भरते. मॅन्युअलचा आकडा मूळ कॅमचा आहे, त्याच्याशी आता तुलना करू नका. रिंगा-व्हॉल्वची खात्री हवी असेल तर लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती गळते ते बघणं) घ्या. ती पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व मिटलेले असताना होते, त्यामुळे तिला कॅमचा फरक पडत नाही. फक्त हवा सोडण्याआधी क्रँक पक्का धरा, नाहीतर हवेच्या दाबाने पिस्टन खाली जातो आणि हातातला पाना गरकन फिरतो.