रब्बी ज्वारीची जोखीम

प्रश्न : मंगळवेढ्याजवळ आमची आठ एकर कोरडवाहू जमीन असून सगळीकडे मालदांडी या वाणाची ज्वारी पेरतो. एखाद्या वर्षी भरघोस पीक येते, तर एखाद्या वर्षी कडब्यापलीकडे काहीच हाती लागत नाही. हा धोका कसा कमी करावा?

उत्तर : आपल्या भागात रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते, त्यामुळे तिची खरी जोखीम पेरणीपूर्वीच ठरते. पावसाळ्यात उताराला आडवे सारे (वरंब्यांनी वेगळे केलेले पट्टे) पाडून पाणी शेतातच जिरवावे. माझ्या मते यावर केलेला खर्च खतापेक्षा अधिक मोलाचा आहे. पेरणी साधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी, कारण फार लवकर पेरल्यास खोडमाशी ही कीड वाढते आणि उशीर झाल्यास कणसात दाणा भरतानाच ओल संपते. आठही एकरांत एकच वाण घेणे मात्र मला धोक्याचे वाटते. मालदांडी मध्यम जमिनीत ठेवून हलक्या जमिनीत फुले अनुराधा आणि भारी जमिनीत फुले वसुधा घ्यावी, तसेच काही भागात ज्वारीच्या सहा ओळींनंतर करडईच्या तीन ओळी पेराव्यात. काणी हा कणसावरील बुरशीजन्य रोग टाळण्यासाठी दर किलो बियाण्यास ४ ग्रॅम गंधक चोळावे. पीकविमा अवश्य उतरवावा. परंतु त्यातील भरपाई बहुतांशी महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाच्या, सरासरी उत्पादनावर ठरत असल्याने, केवळ आपल्याच शेतात पीक कमी आले तर तिचा भरवसा धरता येत नाही.