रूळ रुळाला छेदतो तिथली केबिन

प्रश्न: मुलगा ह्यूस्टनजवळ राहतो. त्याच्याकडे गेले असताना त्याने रोझेनबर्ग गावचं रेल्वे संग्रहालय दाखवलं. तिथे एक दुमजली घर आहे, वरच्या मजल्याला सगळीकडून खिडक्या, नाव ‘टॉवर १७’. मला वाटलं, फाटकवाल्याचं घर असेल. मुलगा म्हणाला, इथे रस्त्याचा संबंध नाही, दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात, त्याची ही केबिन. मग हातात झेंडा घेतलेला एक माणूस पुरला नसता का? एवढी इमारत कशाला? आणि गाड्या अजून जातात, तर ती रिकामी का?

उत्तर: ताई, मुलाचं बरोबर आहे. फाटक म्हणजे रस्ता आणि रेल्वे. तुम्ही पाहिलंत ते रेल्वे आणि रेल्वे. दोन मार्ग एकाच पातळीवर एकमेकांवरून जातात, मध्ये ना पूल ना बोगदा. रुळांची जी चौकट तयार होते तिला डायमंड म्हणतात. चाकाची कड पलीकडे जावी म्हणून तिथे रुळाला खाच ठेवावी लागते. त्यामुळे गाडी गेली की कान किटतील असा खडखडाट होतो, आणि तो तुकडा सतत दुरुस्तीला येतो. रोझेनबर्गला एक मार्ग पुढे सदर्न पॅसिफिककडे गेलेल्या कंपनीचा, दुसरा सांता फे कंपनीचा. कोणी एकाने बसून दोन्हीची आखणी केली असं तिकडे झालं नाही. ज्याला जिथे धंदा दिसला तिथे त्याने रूळ टाकले, आणि मागून आलेला आधीच्याच्या रुळांवरून आडवा गेला.

झेंडेवाल्याचं म्हणाल, तर शिकागोच्या दक्षिणेला १८५३ मध्ये काय झालं ते ऐका. मिशिगन सेंट्रल आणि मिशिगन सदर्न या दोन स्पर्धक कंपन्यांच्या गाड्या तिथे एकमेकींचा मार्ग छेदत. दोघींचं आपसात जमत नव्हतं. २५ एप्रिलच्या रात्री दोघींच्या गाड्या त्या डायमंडवर भिडल्या आणि १८ माणसं गेली. त्यानंतर तिथे प्रत्येक गाडीने थांबायचं आणि मगच पुढे जायचं, असं ठरलं. त्या जागेला पुढे ग्रँड क्रॉसिंग नाव पडलं. रूळ उंचावून तो छेद कायमचा काढायला १९१२ उजाडलं.

पुढे हाच नियम अनेक राज्यांनी कायद्यात घातला: डायमंडपाशी आधी थांबा, मग निघा. वाचायला सोपं आहे. पण वाफेच्या इंजिनामागे भरलेली मालगाडी असेल तर ती थांबवायची, पुन्हा हलवायची, परत वेगाला आणायची, यात किती कोळसा, किती पाणी आणि किती वेळ जातो ते ड्रायव्हरला विचारा. कायद्यात एक सूट होती. त्या जागी इंटरलॉकिंग, म्हणजे दोन्ही मार्गांना एकाच वेळी सिग्नल देताच येऊ नये अशी यंत्रणा, बसवलं असेल आणि सरकारने ते तपासून मान्य केलं असेल, तर सिग्नल मिळाल्यावर न थांबता जाता येई. कंपन्यांनी टॉवर बांधले ते यासाठी. सुरक्षिततेची कळकळ होतीच, पण कोळशाचं बिल जास्त बोलकं होतं, असं माझं मत.

टेक्सासमध्ये १९०१ च्या कायद्याने हे काम राज्याच्या रेलरोड कमिशनकडे आलं. कमिशन मान्यता देताना प्रत्येक केबिनला क्रमांक देई. तुमचा १७ त्या यादीतला; टॉवर १९०३ चा आहे. फोर्ट वर्थच्या अतिशय गजबजलेल्या छेदाला लोक आजही ‘टॉवर ५५’ म्हणतात तेही याच यादीमुळे. खर्चाची रीत साधारण अशी, की जो मागून आला त्याने बांधकामाचा भार उचलायचा. रोजच्या खर्चाची वाटणी बऱ्याच ठिकाणी कोणाच्या कामाचे किती लिव्हर, म्हणजे सिग्नल वगैरे हलवायचे दांडे, यावर होई. त्यामुळे लिव्हर मोजण्यावरून कंपन्यांत कागदोपत्री भांडणं चालत, आणि मला ती वाचायला फार आवडतात.

आता इमारत कशाला? तर ती माणसासाठी कमी आणि लिव्हरच्या रांगेसाठी जास्त. वरच्या मजल्यावर ही रांग असते. ढोबळमानाने रंग असे: लाल लिव्हर सिग्नलचे, काळे पॉइंटचे (म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सरकत्या पात्यांचे), निळे त्या पाती जागी अडकवणाऱ्या लॉकचे, पांढरा म्हणजे कामात नसलेला. मी नोकरीत जे लिव्हर ओढले त्यांचेही रंग साधारण हेच होते. लिव्हर ओढला की खालच्या मजल्यातून निघालेला पाइप जमिनीलगतच्या रोलरवरून सरकत दूरच्या पॉइंटपर्यंत जातो. पाइप लोखंडी, आणि लोखंड उन्हात वाढतं. ३०० मीटरच्या पाइपला ३० अंशांचा फरक पडला तर तो सुमारे १० सेंटिमीटर लांब होतो. पॉइंटची पाती सरकते तीही साधारण तेवढीच! म्हणजे कोणी हात न लावता नुसत्या उन्हाने पॉइंट फिरला असता. त्यावर उपाय म्हणून पाइपच्या मधोमध एक कॉम्पेन्सेटर बसवतात. त्याच्या अलीकडचा पाइप ढकलला की पलीकडचा ओढला जातो, त्यामुळे दोन अर्ध्यांची वाढ एकमेकींना खाऊन टाकते. त्यात वीज नाही, मोटर नाही, नुसत्या दोन क्रँक आणि एक दुवा. मला विचाराल तर सगळ्या टॉवरमधली सर्वांत हुशार वस्तू हीच, आणि ती बाहेर गवतात पडलेली असते, कोणी तिचा फोटोसुद्धा काढत नाही.

यापुढचा भाग जरा सावकाश वाचा. डायमंडकडे येणाऱ्या मार्गांवर, सिग्नलच्या आत, बऱ्याच ठिकाणी डीरेल बसवलेले असत. डीरेल म्हणजे गाडी मुद्दाम रुळावरून उतरवणारं साधन. सिग्नल नाकारलेला असताना कोणी गाडी पुढे दामटलीच, तर ती डायमंडवर दुसऱ्या गाडीच्या कुशीत शिरण्याऐवजी बाजूच्या मातीत जावी. क्रूर वाटतं ना? पण एक इंजिन मातीत रुतणं आणि दोन गाड्या एकमेकींत घुसणं, यात निवड करायची होती.

समजा सांता फेची गाडी आली. केबिनमन आधी तिच्या मार्गावरचा डीरेल बंद करतो, मग त्याला लॉक लावतो, मग जवळचा सिग्नल देतो आणि शेवटी दूरचा. हा क्रम त्याच्या मर्जीवर नसतो. लिव्हरांना जोडलेल्या पट्ट्या एका चौकटीत आडव्या-उभ्या सरकतात. पट्टीवर छोटे कुत्ते, म्हणजे लोखंडी दाते, असतात, समोरच्या पट्टीत खाचा. एक लिव्हर ओढला की कुत्ता खाचेत बसतो, आणि ज्या लिव्हरांमुळे समोरच्या मार्गावरून गाडी येऊ शकते ते सगळे जागच्या जागी अडकतात. सांता फेचा सिग्नल दिलेला असताना सदर्न पॅसिफिकचा लिव्हर दोन माणसांनी लोंबकळून ओढला तरी हलत नाही. झेंडेवाल्याला हे जमणार नाही. झेंडेवाला थकतो, डुलकी घेतो, ओळखीच्या ड्रायव्हरला आधी सोडतो. पट्टीला ओळख नसते.

ही कल्पना इंग्लंडची. जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. अमेरिकेत पहिली चौकट १८७० मध्ये न्यू जर्सीत ट्रेंटनला बसली, तीही इंग्लंडहून आणलेली.

रिकामी का, तर पट्ट्यांचं काम हळूहळू तारांनी घेतलं. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सनने ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळातून थोडी वीज सोडायची. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रुळांना जोडतात, रिले (विजेने उचलून धरलेला छोटा खटका) खाली पडतो, आणि ‘इथे गाडी आहे’ हे माणसाने न पाहता कळतं. जुलै १९२७ मध्ये ओहायोत न्यूयॉर्क सेंट्रलच्या मार्गावर एका माणसाने एका टेबलाशी बसून मैलोगणती दूरचे पॉइंट आणि सिग्नल चालवायला सुरुवात केली. मग डायमंडपाशी माणूस बसवायचं कारण उरलं नाही. जी गाडी आधी येईल तिला मार्ग, दुसरीला लाल, हे रुळांकाठची एक पेटी करू शकते. टॉवर चोवीस तास चालवायचा म्हणजे तीन पाळ्या, शिवाय सुट्ट्यांसाठी बदली माणसं. पेटीला पगार नाही.

टॉवर १७ त्यातही चिवट निघाला. तो १० फेब्रुवारी २००४ रोजी बंद झाला, टेक्सासमधला माणसाने चालवलेला शेवटचा असा टॉवर म्हणून. तोवर सांता फे बीएनएसएफमध्ये आणि सदर्न पॅसिफिक युनियन पॅसिफिकमध्ये विलीन झाली होती. मालक बदलले, छेद तोच राहिला. नंतर इमारत उचलून संग्रहालयाच्या आवारात नेली. पाडली नाही याचा आनंद आहे. पण जागेवरून हललेल्या केबिनचं बाहेरच्या रुळांशी नातं तुटतं, आणि केबिन म्हणजे तेच नातं. पुन्हा कधी तिकडे जाणं झालंच आणि शिकागोची फेरी असेल, तर जोलिएटच्या जुन्या स्टेशनजवळचा ‘यूडी’ टॉवर बघा. तोही निवृत्त, पण उभा आहे तो डायमंडच्या शेजारीच, आणि खिडकीखालून गाड्या अजून धडधडत जातात.

प्रश्न: काका, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आता हे सगळं कॉम्प्युटर करतो. मग या गंजक्या लोखंडाचं इतकं कौतुक का?

उत्तर: कारण तुझा कॉम्प्युटर जे करतो ते याच लोखंडाकडून शिकलेलं आहे. केबिन बांधण्याआधी एक तक्ता केला जाई: कुठला लिव्हर ओढला की कुठले अडकतात, आणि कुठले आधी ओढलेले असल्याशिवाय तो स्वतः हलत नाही. तुझ्या भाषेत ‘अमुक असेल आणि तमुक नसेल, तरच’. हाच तक्ता पुढे रिलेच्या वायरिंगमध्ये गेला आणि नंतर प्रोग्रॅममध्ये. त्यामुळे जुन्या केबिनच्या चौकटीवरचं झाकण उघडं असेल, तर तुझ्यासारख्याने अर्धा तास तिथे उभं राहावं. प्रोग्रॅम चालताना डोळ्यांनी दिसतो अशा जागा जगात थोड्या आहेत.

दुसरी गोष्ट बिघाडाची. तुमच्याकडे प्रोग्रॅम अडला की पडदा गोठतो, कोणीतरी चहा पिऊन येतं. इथे काहीही मोडलं तरी उत्तर ‘थांबा’ हेच आलं पाहिजे. सिग्नलची तार तुटली तर सिग्नलच्या खांबावरच्या आडव्या हाताला लावलेलं वजन त्याला धोक्याच्या स्थितीत नेतं. ट्रॅक सर्किटची बॅटरी संपली तर रिले पडतो आणि गाडी नसतानाही ‘गाडी आहे’ असं दिसतं. गाड्या खोळंबतात, लोक शिव्या घालतात, पण मरत नाहीत. आम्ही त्या शिव्या खुशाल खाल्ल्या.

आणि वेळेचं एक कुलूप असतं, ते विसरू नकोस. केबिनमनने सिग्नल दिला, मग त्याचं मन बदललं आणि त्याने तो परत घेतला, तरी डीरेल लगेच उघडता येत नाही. घड्याळाची यंत्रणा काही मिनिटं लिव्हर धरून ठेवते, कारण हिरवा सिग्नल पाहून निघालेली गाडी एव्हाना जवळ आली असेल. चाकांखाली पॉइंट फिरू नये म्हणूनही जुनी युक्ती होती: रुळाला लागून एक लांब पट्टी. पॉइंट फिरवण्याआधी ती वर उचलली गेली पाहिजे, आणि वर चाक असेल तर ती उचललीच जात नाही. पट्टीची लांबी ठरवताना गाडीच्या दोन चाकांमधलं सर्वांत मोठं अंतर विचारात घ्यावं लागे, नाहीतर पट्टी नेमकी दोन चाकांच्या मध्ये सापडून मोकळी असल्याचं खोटं सांगायची. डबे लांब होत गेले तशा पट्ट्याही लांब कराव्या लागल्या. तुमच्यात याला काय म्हणतात, सुधारित आवृत्ती?

प्रश्न: टॉवरमध्ये माणूस कुटुंबासह राहायचा का?

उत्तर: नाही. ती कामाची जागा. पाळी संपली की दुसरा येई. वरच्या मजल्यावर लिव्हर, टेबल, तारेचं किंवा टेलिफोनचं यंत्र, गाड्यांच्या नोंदीची वही आणि थंडीत शेगडी. खाली पाइप, क्रँक आणि नंतरच्या काळात बॅटऱ्या व रिले. घरपण शोधू नका.

प्रश्न: परदेशात फिरताना रुळांजवळ अशी पडकी केबिन दिसली तर आत डोकावून पाहावं का?

उत्तर: अजिबात नको. केबिन बंद असली तरी जमीन रेल्वेची असते, परवानगीशिवाय पाऊल टाकणं गुन्हा ठरू शकतो, आणि शेजारचा मार्ग चालू असतो. जिन्याची लाकडं कुजलेली असतात ते वेगळंच. संग्रहालयात जतन केलेली बघा. तिथे गेलात की फक्त वरची लिव्हरची रांग बघून खाली उतरू नका. पट्ट्यांची चौकट कुठे आहे, लिव्हरच्या मागे की जमिनीखाली, ते विचारा. मार्गदर्शक जुना रेल्वेवाला असेल आणि चौकट मोकळी ठेवली असेल, तर एक लिव्हर ओढून दाखवा म्हणावं, आणि लगेच त्याच्या विरुद्धचा ओढायला तुमच्या हातात द्या म्हणावं.