भरीत ५ जणांचं, पंगत ६० जणांची: प्रमाण कशावर बांधायचं

ताई, घरची भरिताची कृती ५ जणांची आहे, मळ्यात ६० माणसं येणार, मग सगळंच बारापट केलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. वांग्यांपुरतं चालेल. ५ जणांना १ किलो, तर ६० जणांना १२ किलो. बाकीचं सामान मात्र माणसांवर मोजू नका, वांग्याच्या गरावर मोजा.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, सोलली, देठ काढले की किती गर उरेल ते प्रत्येक खेपेला वेगळं असतं. बियांचं, पाण्याचं, सालीचं प्रमाण बदलतं. म्हणून आधी घरी एकदा १ किलोचं भरीत करा आणि सोललेला गर तोलून घ्या. समजा ७०० ग्रॅम निघाला आणि त्याला ४२ ग्रॅम हिरव्या मिरच्या, २८ ग्रॅम लसूण, ७० ग्रॅम शेंगदाणे, १४० ग्रॅम कांद्याची पात, १०५ ग्रॅम तेल आणि साडेदहा ग्रॅम मीठ लागलं. आता गर १०० धरा. मिरची ६, लसूण ४, दाणे १०, पात २०, तेल १५, मीठ दीड. हे आकडे वहीत लिहून ठेवा, ते कितीही माणसांना चालतात.

मळ्यात १२ किलोचा गर ८ किलोच निघाला, तर लसूण ३२० ग्रॅम, दाणे ८०० ग्रॅम, पात १ किलो ६०० ग्रॅम, मीठ १२० ग्रॅम. डोळे झाकून बारापट केलं असतं तर मीठ १२६ ग्रॅम पडलं असतं, आणि पडलेलं मीठ काढता येत नाही. मूठ, चमचा ही मापं इथे वापरूच नका. एका चमच्यातली थोडीशी चूक बारापट होते.

दोन गोष्टी या हिशेबात पूर्ण बसत नाहीत. मिरचीचा तिखटपणा वजनाने कळत नाही. ४८० ग्रॅम येत असेल तर ३६० ग्रॅम बडगीत (ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचा, चव बघा, मग वाढवा. दुसरं तेल. फोडणीला भांड्याचा तळ झाकण्याइतकं तेल लागतं, आणि पातेलं बारापट मावणारं घेतलं तरी त्याचा तळ बारापट होत नाही. हिशेबाने १ किलो २०० ग्रॅम येतं, तिथे ९०० ग्रॅमपासून सुरुवात करा.

भाजायला आणि सोलायला मात्र उलटं गणित लागतं, व्यस्त त्रैराशिक. हात दुप्पट झाले की वेळ निम्मा. (भास्कराचार्यांनी दोन्ही त्रैराशिकं सांगितली आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने काढलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे. एकदा नक्की बघून या.) एकेक वांगं भाजायचा वेळ तेवढाच राहतो, म्हणून जाळ लांबट पसरा.

सोबत कळण्याची भाकरी असेल तर दळण देताना जपा. ज्वारी ४ आणि उडीद १ म्हणजे उडीद पाचवा हिस्सा, चौथा नव्हे. १० किलो दळायचं असेल तर ८ किलो ज्वारी आणि २ किलो उडीद. अडीच किलो उडीद घातले तर प्रमाण ३ ला १ होतं आणि पीठ थापताना हाताला चिकटतं.