गाठ केवढी ते नंतर, आधी ती कुठं आहे ते बघ

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून तू लिहिलंयस, वय ३४, मूल व्हावं म्हणून दीड वर्ष प्रयत्न चाललेत आणि सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या भिंतीत ५ सेंमीची गाठ निघाली, बाहेरच्या अंगाला अजून एक बारकी. एक डॉक्टर म्हणतायत ऑपरेशन करा, दुसरे म्हणतायत आधी प्रयत्न करा, नणंद म्हणाली गाठ म्हणजे कॅन्सरच, आणि सासूबाईंनी गाठ विरघळायचा काढा आणून ठेवलाय. झोप उडणारच की गं.

कॅन्सरचं आधी डोक्यातून काढ. तुझी गाठ म्हणजे फायब्रॉइड, पिशवीच्या स्नायूची गाठ, पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांना होते आणि कित्येकींना कळत पण नाही. त्यात कॅन्सर निघणं फारच क्वचित, आणि तुझ्या वयात तर अजूनच कमी.

आता दोन डॉक्टर दोन बोलले म्हणून कुणीतरी फसवतंय असं नसतं. आतल्या पोकळीत वाढलेली गाठ गर्भ रुजायला आडवी येते, ती काढलेली बरी, आणि बऱ्याचदा ती खालूनच दुर्बिणीनं निघते, पोटावर टाका पण नाही. बाहेरच्या अंगाची गाठ दिवस राहायच्या आड सहसा येत नाही, त्या बारकीचा विचार सोड. अडतं ते भिंतीतल्या गाठीपाशी, तिथं डॉक्टरांचंच एकमत नाही. तुझ्या रिपोर्टवर 'इंट्राम्युरल', म्हणजे भिंतीतली, एवढंच लिहिलंय, ती पोकळीला दाबतेय का हे लिहिलेलंच नाही, तेवढं विचारून घे, लागलं तर एमआरआय सांगतील. पोकळी सरळ असेल तर मी तरी घाईनं ऑपरेशन करा म्हणणार नाही, कारण भिंत कापून शिवली की भरायला तीन ते सहा महिने थांबायला सांगतात आणि काप खोल असेल तर पुढं सिझर. पण दाबत असेल तर मात्र भीतीपोटी वर्ष घालवू नकोस. तिसरं मत हवं असेल तर सीपीआर हॉस्पिटलला दाखव, सरकारी म्हणून नाक मुरडू नकोस.

आणि एक विचारते, मिस्टरांची वीर्यतपासणी झाली का? एवढ्या मोठ्या पत्रात त्याचा एक शब्द नाही. एका सकाळचं काम आहे ते, आणि ते व्हायच्या आधी घरात बाईच्या ऑपरेशनची चर्चा होते हे मला अजिबात पटत नाही. तुझ्या गर्भनळ्या उघड्या आहेत का तेही बघून घ्या.

पाळीत रात्री उठून चादर बदलावी लागते म्हणतेस आणि हिमोग्लोबिन ८.९, हे गाठीइतकंच महत्त्वाचं आहे. गूळ-शेंगदाणे खाऊन ते भरून निघणार नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घे, लिंबूपाण्याबरोबर घे आणि वर लगेच चहा पिऊ नकोस. काढ्याबद्दल सासूबाईंना नीट सांग, आई, डॉक्टरांनी दुसरं काही घ्यायला मनाई केलीय. अंबाबाईला खुशाल ओटी भरा, पण त्यात काय घातलंय ते माहीत नसलेला काढा दिवस राहायच्या काळात पोटात नको.

दिवस राहिले तर गाठ असून पण बऱ्याच जणींचं सगळं सुरळीत होतं. गाठ वाढली तर बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत वाढते. चौथ्या-पाचव्या महिन्यात कधी एकाच जागी जोरात दुखतं, गाठीला रक्त कमी पडतं म्हणून, ते आरामानं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या पॅरासिटामॉलनं बहुतेक वेळा बसतं, पण आधी दाखवून घे आणि मनानं आयबुप्रोफेनची गोळी घेऊ नकोस. रक्त गेलं किंवा पाणी गेलं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. बाळ पायाळू राहणं, डिलिव्हरीनंतर रक्त जास्त जाणं हे गाठ असली की थोडं जास्त दिसतं, म्हणून जिथं रात्री पण रक्ताची सोय होते असंच हॉस्पिटल ठरवा.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाताना मिस्टरांना बाहेर बाकड्यावर बसवू नकोस, आत घेऊन जा, पोकळीचा प्रश्न त्यांनाच विचारू दे.